इंजिन रंगवून जपता येत नाही

१९६० च्या जून महिन्यात इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एक चमत्कारिक गाडी धावली. डबा दुमजली, १०६ आसनांचा, वेल्समधल्या बंद पडलेल्या स्वान्सी-मम्बल्स मार्गावरून उचलून आणलेला. पुढचे डिझेल इंजिन जवळच्या हन्स्लेट कारखान्याकडून भाड्याने घेतलेले. गाडी हाकणारे, सांधे बदलणारे, झेंडी दाखवणारे सगळे बिनपगारी. लीड्स विद्यापीठाचे विद्यार्थी, त्यांना गोळा करणारे एक व्याख्याते आणि रेल्वेचे वेड लागलेले काही शहरवासी, एवढाच तो कारभार. ही प्रवासी सेवा आठवडाभर चालली आणि थांबली. पोरांची मौज झाली, फोटो निघाले, असे म्हणून प्रकरण तिथेच मिटले असते. पण सप्टेंबरमध्ये याच मंडळींनी मालवाहतूक सुरू केली आणि आसपासच्या कारखान्यांच्या वाघिणी ते १९८३ पर्यंत ओढत राहिले. विरंगुळा म्हणून हाती घेतलेली रेल्वे तेवीस वर्षे खरोखरीचा माल वाहत होती.

ही मिडलटन रेल्वे. प्रमाण रुंदीच्या रुळांवरची, स्वयंसेवकांनी ताब्यात घेऊन चालवलेली ब्रिटनमधली पहिली रेल्वे म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिथे जे झाले ते स्मरणरंजन म्हणून वाचले जाते, ही मात्र चूक आहे. धुराचा वास, शिट्टीचा आवाज, लहानपणची झुकझुक गाडी या सगळ्याला तिथे जागा आहे. पण ती प्रवाशांच्या बाजूला. शेडच्या बाजूला आहे ते कष्टाचे, काजळीचे आणि कायद्याच्या कक्षेतले काम. एखादे यंत्र वाचवायचे तर ते चालवावे लागते आणि चालवायचे तर दुरुस्त करणारे हात पिढी दर पिढी तयार करावे लागतात. महाराष्ट्रात जुन्या इंजिनांचे जे चालले आहे ते पाहता ही गोष्ट आपण अजून मनावर घेतलेली नाही.

मिडलटनचा इतिहास थक्क करणारा आहे. १७५८ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून मंजूर केलेली ही पहिली रेल्वे. चार्ल्स ब्रँडलिंग नावाच्या खाणमालकाला आपला कोळसा लीड्सपर्यंत स्वस्तात पोहोचवायचा होता. तेव्हा गाड्या घोडे ओढत. पुढे नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे घोडे आणि त्यांचा दाणागोटा दोन्ही महाग झाले आणि खाणीचे व्यवस्थापक जॉन ब्लेंकिन्सॉप यांनी मॅथ्यू मरे या लीड्सच्याच कारागिराकडून वाफेचे इंजिन बनवून घेतले. त्याचे नाव ‘सालामांका’. १२ ऑगस्ट १८१२ रोजी ते धावले. ओतीव लोखंडाचे रूळ जड इंजिनाखाली तुटत, म्हणून इंजिन हलके केले. हलके इंजिन घसरेल, म्हणून रुळाच्या बाजूला दाते आणि इंजिनाला दातेरी चाक. धंद्यात खऱ्या अर्थाने यशस्वी ठरलेले हे पहिले वाफेचे इंजिन. स्टीफन्सनचे ‘रॉकेट’ यायला अजून सतरा वर्षे होती.

म्हणजे वाफेच्या रेल्वेची सुरुवातच मुळी कारखानदारीतून झाली, प्रवाशांसाठी नव्हे. तरी प्रसिद्धी मिळाली ती एक्स्प्रेस गाड्यांच्या देखण्या इंजिनांना. खाणी, दगडखाणी, गोद्या, गॅसचे कारखाने, मद्याच्या भट्ट्या इथे शंटिंग करणारी बुटकी इंजिने कुणी वेळापत्रकात पाहिली नाहीत. चार किंवा सहा चाके, पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी टाकलेली, वेग माणसाच्या धावण्याइतका. त्यांचे नावगाव कारखान्याच्या कुंपणाबाहेर कुणाला ठाऊक नसे. लीड्सच्या हन्स्लेट भागात अशी इंजिने बनवणारे कारखाने एकमेकांना खेटून उभे होते: हन्स्लेट, मॅनिंग वॉर्डल, हडस्वेल क्लार्क. तिथून ही इंजिने जगभर गेली. हन्स्लेटमधून व्यापारी मागणीवर बाहेर पडलेले शेवटचे वाफेचे इंजिन १९७१ चे, आणि तेही जावा बेटावरच्या साखर कारखान्यासाठी. ते २००४ मध्ये एका रेल्वेप्रेमी उद्योजकाने पुन्हा इंग्लंडला आणले.

या बुटक्या इंजिनांचा कमीपणाच हौशी लोकांच्या पथ्यावर पडला. ब्रिटिश रेल्वेने ११ ऑगस्ट १९६८ ला वाफेला निरोप दिला, पण तिथल्या कोळसा खाणींमध्ये वाफेची इंजिने त्यानंतरही दहा-बारा वर्षे राबत होती. मोठे इंजिन भंगारात गेले की त्याला सोडवून आणायला अफाट पैसा लागे. खाणीतले छोटे इंजिन मात्र चालू स्थितीत, भंगाराच्या भावात मिळे. ते लहान वर्कशॉपमध्ये मावे, साध्या क्रेनने उचलता येई आणि सुटे भागही मिळत. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी आखलेल्या हन्स्लेट ‘ऑस्टेरिटी’ जातीची ४८५ इंजिने १९४३ ते १९६४ या काळात बनली. त्यातली कितीतरी आज स्वयंसेवकांच्या हाती आहेत. स्टॅफर्डशरमधली फॉक्सफील्ड रेल्वे म्हणजे खाणीची खासगी साइडिंगच. खाण १९६५ मध्ये बंद झाली आणि दोन वर्षांत हौशी मंडळी जमा झाली. तिथल्या एका चढाला १९ फुटांत एक फूट उंची आहे. रेल्वेच्या हिशेबाने ही भिंतच. त्या चढावर भरलेल्या वाघिणी ओढणारे छोटे इंजिन पाहायला लोक लांबून येतात. ईशान्येकडच्या टॅनफील्ड रेल्वेचे मार्ली हिल इथले शेड १८५४ चे आहे आणि आजही तिथेच इंजिने दुरुस्त होतात.

पहिले पाऊल मात्र वेल्सने टाकले. टालिथ्लिन ही स्लेटच्या खाणीची अरुंद रेल्वे. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी तोट्यातही ती चालू ठेवली. १९४६ च्या डिसेंबरमध्ये खाण ढासळून बंद पडली, १९५० च्या जुलैत जोन्स गेले आणि आता रेल्वेही जाणार असे सगळ्यांनी धरले. टॉम रोल्ट हे लेखक आणि अभियंता. त्यांनी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली आणि पुढच्या मे महिन्यात स्वयंसेवकांनी गाडी सोडली. त्या वेळी चालण्याजोगे इंजिन एकच होते, १८६६ चे ‘डॉल्गोच’, आणि रूळ असे की स्लीपर कुजलेले, गवतच त्यांना जागेवर धरून होते म्हणे. या रेल्वेवर घाम गाळायला आलेल्यांत एक पाद्री होते, विल्बर्ट ऑड्री. आपल्याकडच्या घराघरांत पोहोचलेल्या ‘थॉमस’ इंजिनाचे ते जनक. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या स्लेट परिसराला जागतिक वारसा म्हटले, त्यात ही रेल्वेही आहे. सत्तर वर्षांपूर्वी तिला कुणी भंगारवाला विचारत नव्हता.

आता हे काम जवळून पाहू.

आधी थंड इंजिन. फायरबॉक्सच्या दारातून, म्हणजे एका अरुंद भोकातून, एक जण खांदे तिरके करून आत शिरतो. आत उभे राहता येत नाही. भोवती तांब्याच्या भिंती, त्यापलीकडे चार बोटे पाण्याची जागा आणि मग पोलादी कवच. या दोन भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारे शेकडो स्टे, म्हणजे आडवे खिळे. हातात छोटी हातोडी आणि बॅटरी. एकेक स्टे ठोकायचा आणि ऐकायचे. धड असेल तर खणखणीत वाजतो. तुटलेला असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. बद्द वाजला की खडूची खूण. माथ्यावरचा शिशाचा प्लगही तपासायचा. बॉयलरमधले पाणी धोक्याच्या खाली गेले तर हे शिसे वितळते आणि वाफ थेट आगीवर सुटते. फायरमनला मिळणारी ती शेवटची ताकीद. मग खालचे झाकण उघडून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने क्षार आणि गाळ धुऊन काढायचा. विहिरीचे पाणी तापवणाऱ्या बंबात जसा थर साचतो तसाच इथेही साचतो, फक्त इथे तो साचू दिला तर पत्रा भाजून फुगतो.

आग पेटवणे हे त्या मानाने सोपे, पण घाईचे नाही. तेलाच्या चिंध्या, मोडकी लाकडे, वर थोडा कोळसा. तांबे आणि पोलाद सारख्या मापाने फुगत नाहीत, म्हणून छोट्या इंजिनालाही तीन-चार तास देतात. तोवर चाकांखाली वाकून प्रत्येक बेअरिंगला तेल, स्मोकबॉक्समधली राख बाहेर, पितळ घासणे. नवा आलेला स्वयंसेवक, मग तो डॉक्टर असो की बँकेतला अधिकारी, सुरुवात चिंधीनेच करतो. क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर. मध्ये कित्येक वर्षे आणि परीक्षा. आपल्या लोको शेडमध्येही क्लीनरपासून ड्रायव्हरपर्यंत हीच चढण होती, फरक एवढाच की तिथे पगार मिळे. पैसे न घेता माणसे ही चढण का चढतात, याचे उत्तर शेडमध्ये एक दिवस काढला की आपोआप मिळते. हाताला लागलेली काजळी दोन दिवस जात नाही आणि याचे त्यांना भारी कौतुक असते.

हा सगळा खेळ जिवाशी आहे, म्हणून तो नियमांनी बांधलेला आहे. सालामांकाचाच बॉयलर १८१८ मध्ये फुटला. ड्रायव्हरने सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड केली होती, असे पुढे जॉर्ज स्टीफन्सन यांनी सांगितले. त्याच मार्गावर १८३४ मध्ये आणखी एक बॉयलर फुटून ड्रायव्हर मेला. आज ब्रिटनमध्ये विमा कंपनीचा निरीक्षक दरवर्षी बॉयलर थंड असताना एकदा आणि वाफेवर असताना एकदा तपासतो. साधारण दहा वर्षांनी बॉयलर चौकटीवरून उचलायचा, ट्यूब काढायच्या, पत्र्याची जाडी मोजायची. त्यात काही निघाले तर इंजिन दोन-चार वर्षे सुटे होऊन पडते आणि तेवढे पैसे जमेपर्यंत सभासदांनी हात पसरायचे. ‘हौस’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. ब्रिटनमध्ये अशा रेल्वेंवर वीस हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत. त्यातले बहुतेक आठवड्याचा एखादा दिवस अशा कामाला देतात.

यातून उरते काय? इंजिन उरते, हे खरे, पण त्याहून मोलाचे उरते ते कसब. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये ‘टॉर्नेडो’ हे अगदी नवे, मोठे वाफेचे इंजिन हौशी लोकांच्या ट्रस्टने बांधून पूर्ण केले. देणग्या जमवून अठरा वर्षे काम चालले होते. पण त्याचा बॉयलर करून घ्यावा लागला तो जर्मनीतल्या माइनिंगेनच्या रेल्वे कारखान्यात. ज्या देशात वाफेच्या इंजिनाचा जन्म झाला तिथे त्या आकाराचा बॉयलर बनवून देणारा कारखाना उरला नव्हता. माइनिंगेनला तो जमला, कारण पूर्व जर्मनीत वाफ उशिरापर्यंत टिकली आणि कारागिरांची साखळी तुटली नाही. कसब एकदा तुटले की पुस्तकातून परत येत नाही. ट्यूबचे टोक एक्स्पांडरने किती फुगवायचे, रिव्हेट किती लाल असताना ठोकायचा, हे कुणीतरी शेजारी उभे राहून दाखवावे लागते.

विरोधाचे मुद्देही फुसके नाहीत. टालिथ्लिनचे जुने इंजिन १९५० च्या दशकाच्या अखेरीस इतके नव्याने बांधले गेले की मूळ धातू किती राहिला असा प्रश्न पडतो. चालवायचे म्हणजे झिजवायचे आणि झिजलेले बदलायचे. मग जपले ते काय? यावर जो तोडगा तिथल्या शहाण्या मंडळींनी काढला तो पटण्याजोगा आहे. ‘रॉकेट’सारखे एकमेव यंत्र संग्रहालयात, हात न लावता. ऑस्टेरिटीसारख्या, शेकड्यांनी बनलेल्या जातीची इंजिने रुळांवर. दुसरा प्रश्न कोळशाचा. दक्षिण वेल्समधली फॉस-इ-फ्रान खाण २०२३ मध्ये बंद झाली आणि या रेल्वेंना आता परदेशी कोळशावर अवलंबून राहावे लागते. हवामानाच्या चिंतेच्या काळात सहलीसाठी कोळसा जाळणे कितपत शोभते, हे विचारणारे वेडे नव्हेत. मात्र आठवड्यातून दोन दिवस चालणाऱ्या बुटक्या इंजिनाचा धूर आणि एका औष्णिक वीज केंद्राचा धूर एकाच तागडीत टाकणे हा कांगावा आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यांत बोचरा: माणसांचे वय. वाफेच्या काळात पोर असलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. मुलांना यात आणावे तर १९२० चा एक कायदा आडवा येतो. बालकामगारांना गिरण्या-खाणींतून सोडवण्यासाठी केलेल्या त्या कायद्यात रेल्वे हाही उद्योग धरलेला आहे, त्यामुळे शाळकरी मुलांनी वारसा रेल्वेवर बिनपगारी काम करणेही नियमबाह्य ठरू शकते. संसद सदस्यांच्या एका गटाने २०१८ मध्ये हा तिढा चव्हाट्यावर आणला. कायद्याचा हेतू पवित्र होता यात शंका नाही. शंभर वर्षांनी तो पितळ घासणाऱ्या शाळकरी पोराच्या हातातली चिंधी काढून घेतो, हे मात्र खरे.

लीड्सचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे आखली तेव्हा अडीच फुटी अरुंद रुळांवर जड माल कसा वाहता येईल हे लोकांना पटवून देण्यासाठी त्यांनी १८९७ मध्ये लीड्सजवळच्या न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून प्रात्यक्षिक केले. इंजिन होते लीड्सच्याच किटसन कंपनीचे, मागे डबे. तीच गाडी बार्शीला आली. बार्शी-कुर्डुवाडी, पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, मग लातूर, मग मिरज. आषाढी-कार्तिकीला डब्यांच्या टपापर्यंत वारकरी भरून नेणारी ‘बार्शी लाइट’ सोलापूर आणि मराठवाड्याच्या आठवणीत अजून आहे. देशातल्या सर्वांत जुन्या चालत्या इंजिनांपैकी एक असलेली १८५५ ची ‘फेअरी क्वीन’ हीदेखील लीड्सच्या किटसनचीच. तिला चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यातल्या रेल्वे कामगारांनी पुन्हा चालती केली. हरयाणातल्या रेवाडीच्या शेडमध्येही वाफेचे ज्ञान अजून जिवंत आहे. कसब आपल्याकडे आहे, हे या दोन ठिकाणांनी सिद्ध केले आहे. ते सरकारी नोकरीत आहे आणि निवृत्तीबरोबर निघून जाते, एवढीच अडचण.

महाराष्ट्रात मात्र आपण इंजिन म्हणजे शोभेची वस्तू धरून बसलो आहोत. स्टेशनाबाहेर किंवा एखाद्या कार्यालयाच्या हिरवळीवर चौथरा, त्यावर काळा आणि लाल रंग दिलेले इंजिन, खाली उद्घाटनाचा फलक. पाऊस धुराड्यातून आत जातो आणि बॉयलर आतून गंजतो. पितळी भाग एकेक करून नाहीसे होतात. तीन-चार वर्षांनी गंजावरच नवा रंग चढतो. अशा इंजिनाकडून मुलाला काय कळणार? आग कुठे, पाणी कुठे, वाफ कुठून कुठे जाते, यातले काही नाही. हल्ली त्याहून पुढची पायरी आली आहे: २०२३ मध्ये अहमदाबाद ते एकतानगर मार्गावर सुरू झालेल्या वारसा गाडीचे इंजिन दिसते वाफेचे, आत असते वीज. पर्यटनाला याने हातभार लागतो, लागो बापडा. पण वाफेचे सोंग आणि वाफ यात जेवढे अंतर आहे तेवढेच अंतर हौशी फिटर आणि सेल्फी काढणारा यांत आहे.

माथेरानचे उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. आदमजी पीरभॉय कुटुंबाने १९०७ मध्ये सुरू केलेल्या या दोन फुटी रेल्वेवर जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कॉपेल कंपनीची चार इंजिने होती. नेरळचा वळणावळणांचा घाट चढता यावा म्हणून त्यांचे पुढचे-मागचे आस क्लिन-लिंडनर पद्धतीने बाजूला सरकू शकत. आतला आस सरळ आणि त्यावरचा पोकळ आस चाकांसकट वळणारा. अशी रचना जगात मोजक्याच ठिकाणी राबली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही इंजिने निवृत्त झाली आणि त्यातले ७४० क्रमांकाचे इंजिन इंग्लंडला गेले, तिथल्या हौशी लोकांच्या हाती. आपल्या घाटासाठी घडवलेले यंत्र दुरुस्त करण्याची खटपट सातासमुद्रापलीकडे कुणी परके करतात, याचा राग येण्याऐवजी विचार यावा. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी एकट्याच्या चिकाटीवर उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून चालू आहे. ते गर्दी खेचते. म्हणजे आवड आहे, चिकाटीही आहे.

विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ घ्या. कापूस वाहण्यासाठी खासगी कंपनीने टाकलेला हा अरुंद मार्ग, १९९४ पर्यंत वाफेवर चालला. पुढे शकुंतला बंद पडली; ती पुन्हा सुरू करा म्हणून मोर्चे निघाले, निवेदने गेली, आश्वासने आली. पण ‘आम्हाला एक इंजिन आणि चार किलोमीटर रूळ द्या, आम्ही सांभाळतो’ असे म्हणणारी नोंदणीकृत संस्था पुढे आली नाही. मागणी नेहमी सरकारने करावे अशीच. टालिथ्लिनची सभा भरली तेव्हा ब्रिटिश सरकार रेल्वेचे नुकतेच राष्ट्रीयीकरण करून मोकळे झाले होते. तिथल्या लोकांनी राष्ट्रीयीकरणातून सुटलेली ही एक रेल्वे स्वतःच्या अंगावर घेतली.

याचा दोष नुसता लोकांना देणे बरोबर नाही. महाराष्ट्रातल्या तरुणांना अंगमेहनतीचे वावडे नाही. दर रविवारी किल्ल्यांवर जाऊन टाकी उपसणारे, बुरुजांवरची झाडे काढणारे, धुळीत पडलेल्या तोफांसाठी सागवानी गाडे खांद्यावर वाहून गडावर चढवणारे हेच तरुण आहेत. गडावर पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन श्रमदान होऊ शकते, मग लोको शेडमध्ये का नाही?

बॉयलरचे कसब तर आपल्या घरचे आहे. राज्यात दोनशेच्या आसपास साखर कारखाने गाळप करतात आणि दसऱ्याच्या सुमारास प्रत्येकाच्या हंगामाची सुरुवात बॉयलर अग्निप्रदीपनानेच होते. अध्यक्ष सपत्नीक पूजा करतात, फोटो छापून येतो. पण त्या आगीपर्यंत पोहोचायला बंद हंगामात फिटर आणि खलाशी महिनोन्महिने ट्यूब बदलत, व्हॉल्व्ह घासत असतात. बॉयलरच्या नियमावलीप्रमाणे पात्र ठरलेले आयबीआर वेल्डर, परीक्षा पास झालेले बॉयलर अटेंडंट, हायड्रॉलिक टेस्ट घेणारे बाष्पके संचालनालयाचे निरीक्षक: फायरबॉक्समध्ये शिरणारा माणूस आणि त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस, दोन्ही कोल्हापूर-सांगली-सोलापूर पट्ट्यात राहतात. ब्रिटनला हे कसब शून्यातून जमवावे लागले. आपल्याकडे ते पगारावर रोज कामाला येते.

अडते ते मालकीत. भारतीय रेल्वेची इंजिने रेल्वेच्या मालकीची आणि १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या कक्षेतून रेल्वेची इंजिने वगळलेली. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली आहे. या बदलाच्या निमित्ताने एक साधी वाट मोकळी करता येईल. चौथऱ्यावर गंजणाऱ्या इंजिनांपैकी लहानातले लहान एक निवडावे, दहा वर्षांच्या कराराने नोंदणीकृत न्यासाकडे द्यावे आणि बॉयलरची तपासणी साखर कारखान्यासारखीच बाष्पके संचालनालयाकडे सोपवावी. जागा म्हणून कुर्डुवाडीच्या जुन्या कारखान्याच्या परिसरातला एक कोपराही पुरे; बार्शी लाइटची दुरुस्ती जिथे व्हायची तिथे जवळच्या आयटीआयची मुले सायकलवर येऊ शकतात. शिकवायला निवृत्त रेल्वे फिटर आणि कारखान्यांचे बॉयलर फोरमन. पहिली दोन-तीन वर्षे इंजिन हलणारसुद्धा नाही. नट सोडवणे, मोजमाप, फोटो, नोंदी, कुठला भाग कुठल्या डब्यात ठेवला याची वही, एवढेच चालेल आणि याला उद्घाटनाचा फलक लावता येणार नाही. मिडलटनच्या मंडळींनीही प्रवाशांसाठी नियमित गाड्या सुरू केल्या त्या १९६९ मध्ये, रेल्वे हाती घेतल्यानंतर नवव्या वर्षी.